घड्याळजींची हजेरी

“एका माणसासाठी, आई. एका माणसासाठी तू सगळं अडवून धरलंयस,” लेक म्हणाली आणि न पिता थंड झालेला चहा तिने खिडकीत सरकवून ठेवला.

बाईंनी मान वर केली नाही. एक जुनं यंत्र मांडीवर उघडं घेऊन त्या त्याच्या पंख्यातली धूळ रंगाच्या ब्रशने काढत होत्या. खोलीच्या तिन्ही भिंतींना फळ्या होत्या आणि फळ्यांवर यंत्रंच यंत्रं. काही चपटी, काही ट्रंकेएवढी, एकाचं झाकण हरवलं म्हणून त्यावर पुठ्ठा ठेवलेला. भंगारवाला या खोलीत आला असता तर आनंदाने त्याला रडू फुटलं असतं, पण बाईंनी आजवर त्याला जिन्याची पहिली पायरीसुद्धा चढू दिली नव्हती.

“एक माणूस म्हणजे माणूस नाही का?” त्या म्हणाल्या.

“तसं नाही म्हणत मी.”

“मग कसं म्हणतेस?”

आईशी वाद घालायचा म्हणजे आधी पोटभर खाऊन यावं लागतं, हे लेकीला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि आज ती नेमकी उपाशी आली होती.

खाली बाईंच्या नवऱ्याचं दुकान होतं. नवे कपडे तो शिवत नसे. लोकांनी आणलेले कपडे त्यांच्या अंगाला बसवून देई. कंबर सैल कर, बाही आखूड कर, फाटलंय तिथे ठिगळ लाव. बायको वर दिवसभर काय करते असं गिऱ्हाईकाने विचारलं की तो म्हणे, “मी करतो तेच. मी कपडे बसवतो, ती प्रोग्रॅम बसवते.” आणि ते बरंचसं खरंही होतं. यंत्रायंत्राची तऱ्हा वेगळी. फाइल उघड, अमुक वेळाने जागं कर, दोन कामं एकदम उरक, एवढं साधं सांगायचं तर प्रत्येक यंत्राला निराळ्या शब्दांत सांगावं लागतं. बाईंनी अशी एक लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमला जोडायच्या तयार तुकड्यांचा संग्रह, लिहिली होती की प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने एकाच पद्धतीने सांगावं आणि कुठल्या यंत्राची समजूत कशी काढायची ते लायब्ररीने बघून घ्यावं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोकरीला असताना, दर खरेदीत तिथे वेगळ्याच बनावटीचं यंत्र येई, त्या वैतागातून हे काम सुरू झालं होतं. पुढे त्यांनी ती लायब्ररी मुक्त करून टाकली. कुणीही घ्या, वापरा, बदला, पुढच्याला द्या. नोकरी संपली तरी लायब्ररी वाढत राहिली. दूरदूरचे लोक दुरुस्त्या पाठवत आणि बाई कुणाचीही, दोन ओळींचीसुद्धा, दुरुस्ती मनापासून तपासून लावून घेत. म्हणून त्यांना सगळे ठिगळबाई म्हणत. हे नाव ठेवलं होतं दाढीने. दाढी म्हणजे या कामातला त्यांचा सगळ्यांत जुना जोडीदार. त्याचं काम त्याच्या दाढीपेक्षा नीटनेटकं होतं.

या मंडळींची एक रीत होती. दरवर्षी नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी बाई हजेरी घ्यायच्या. ज्या ज्या यंत्रावर लायब्ररी चालते त्या प्रत्येकाचा एक राखणदार ठरलेला असे. त्याने नवी आवृत्ती आपल्या यंत्रावर उतरवून घ्यायची, सगळ्या तपासण्या चालवायच्या आणि चालत असेल तर तसं कळवायचं. ज्याची हजेरी आली नाही ते यंत्र बाद, लायब्ररीतून त्याचा भाग काढून टाकायचा. नियम बाईंचाच होता आणि तो त्यांनी कधी कुणासाठी वाकवला नव्हता.

आता एक मोठी कंपनी ही लायब्ररी सांभाळायला मागत होती. लेक त्याच कंपनीत कामाला होती, आणि आईच्या लायब्ररीचं नाव साहेबांच्या कानावर घातलं होतं तेही तिनेच. कंपनी माणसं देणार होती, जागा देणार होती, बाईंच्या डोक्यावरचं ओझं उतरवणार होती. अट एकच. जुनी उलटी यंत्रं काढून टाकायची. बाकीची यंत्रं आकडा ज्या टोकाकडून मांडतात त्याच्या दुसऱ्या टोकाकडून ती मांडत, म्हणून लायब्ररीत पानोपानी त्यांची वेगळी काळजी घ्यावी लागे. एवढी काळजी काढली की काम निम्मं होईल, असं साहेबांचं म्हणणं होतं. आणि तसली यंत्रं वापरणारा राखणदार आता एकच उरला होता. तो एका गावातली घड्याळं सांभाळायचा. मनोऱ्यावरचं, स्थानकावरचं, शाळेतलं, बाजारातलं, सगळी घड्याळं मनोऱ्यातल्या एका जुन्या यंत्रावर चालत. सगळे त्याला घड्याळजी म्हणत. दरवर्षी त्याची हजेरी सर्वांत आधी यायची आणि त्यात एकच शब्द असायचा: ‘चालतंय.’

“त्याला जुनी आवृत्ती पुरेल की,” लेक पुन्हा म्हणाली. “चालतंय ना त्याचं? मग चालू दे.”

“नाही पुरणार. सेकंद मोजायची जागा भरत आलीय त्या यंत्रात. पुढच्या आवृत्तीत मी ती मोठी करतेय. नाही केली तर एक दिवस सगळ्या गावाची घड्याळं उडी मारून मागच्या शतकात जातील. पोरं शाळेत कधी जाणार?”

“पोरांना घड्याळ बंद पडलेलं चालतं, आई.”

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. “ज्याची हजेरी आहे त्याला मी काढत नाही. तुझ्या साहेबांना सांग, नियम आहे.”

जे सांगायला लेक आली होती ते आता सांगावंच लागणार होतं.

“तू कधी बोललीयस त्याच्याशी?”

“त्याला बोलायला आवडत नाही. मी दर वर्षी लिहिते, तब्येत कशी आहे म्हणून. तो नाही उत्तर देत. असतात काही माणसं अशी.”

“मी फोन केला होता तिकडे. तिथल्या नगरपालिकेत.” लेकीचा आवाज उतरला. “आई, तो माणूस गेलाय. तीन वर्षं झाली.”

ब्रश बाईंच्या हातात तसाच राहिला.

“काहीतरी काय. या वर्षीची हजेरी परवाच आलीय त्याची.”

“हो ना. तुझ्या हाताशी यंत्र असतं आणि दर वर्षी तेच तेच करायचं असतं, तर तू काय केलं असतंस?”

बाईंना उत्तर शोधावं लागलं नाही. त्यांनीही तेच केलं असतं. यंत्रालाच सांगून ठेवलं असतं की हजेरीची हाक आली की नवी आवृत्ती उतरव, तपासण्या चालव, सगळं ठीक असेल तर ‘चालतंय’ म्हणून कळव. या कामातल्या कुणालाही तेच सुचलं असतं. माणूस गेला आणि त्याच्यामागे त्याचं यंत्र इमानेइतबारे हजेरी देत राहिलं. बाई आधी हसल्या. मग ब्रश खाली ठेवून, यंत्र मांडीवर तसंच उघडं असताना त्या रडल्या. तीन वर्षं त्या एका गेलेल्या माणसाला तब्येत विचारत होत्या आणि त्याला घुम्या म्हणत होत्या, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

लेकीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “आता तरी कंपनीच्या करारावर सही करशील?”

“आधी बघून येते,” बाई म्हणाल्या.

नवऱ्याने दुकान बंद ठेवलं आणि दोघं बसने निघाली. वाटेत तो म्हणाला, “गिऱ्हाईक मेलं तरी तू त्याचे कपडे बसवायला निघालीस. धंद्यात असं करत नाहीत.” मग त्याने आपणहून खिडकीची जागा बाईंना दिली.

मनोरा बाजाराच्या टोकाला होता. खालच्या खोलीत घड्याळजींची थोरली बहीण राहायची. शाळेत शिपाई म्हणून तिची नोकरी झाली होती आणि अजून तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. पाहुणे कोण, कुठले, हे ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, “म्हणजे भावाच्या कामातल्या तुम्ही. तो गेल्यावर कुणीच आलं नाही हो. नगरपालिकेतला एक माणूस आला, घड्याळ चालतंय का विचारून गेला.”

“मला कळलंच नाही,” बाई म्हणाल्या. “कळलं असतं तर आले असते.”

“कोण कळवणार? मला कुठे माहीत होतं त्याला तिकडेही माणसं आहेत म्हणून.”

जिना अरुंद होता. बहीण पुढे, मध्ये बाई, मागे नवरा गुडघ्यांना दूषणं देत. वरच्या खोलीत टेबलावर ते यंत्र होतं. बाईंनी तशी बरीच यंत्रं पाहिली होती, पण इतकं स्वच्छ एकही पाहिलं नव्हतं. त्यावर धुतलेलं कापड होतं, चारी कोपरे सारखे.

“पंख्याची जागा मोकळी ठेवायची असं त्याने दाखवलं होतं,” बहीण म्हणाली. “रोज पुसते मी. वीज गेली की खटका पाडायचा, आली की वर करायचा, मग हिरवा दिवा लागेपर्यंत थांबायचं. तो म्हणाला होता, ताई, एवढं करशील तर गावाचं घड्याळ चालेल. बाकी मला यातलं ओ की ठो कळत नाही.”

बाईंनी पडदा चालू केला. शोधायला वेळ लागला नाही. घड्याळजींनी लिहिलेला तो छोटासा प्रोग्रॅम सुबक होता, टापटीप होता, बाईंनी लिहिला असता तसाच. आणि त्याच्याच शेजारी बाईंची स्वतःची गेल्या तीन वर्षांतली पत्रं पडून होती, एकही न उघडलेलं.

“काय आहे ते?” बहिणीने विचारलं.

“मी लिहिलेलं. त्यांना.”

“वाचा की.”

बाईंनी वाचून दाखवलं. थंडी फार आहे का तिकडे. तब्येत कशी आहे. या वर्षी तुमची हजेरी सर्वांत आधी आली, बरं वाटलं. जिना चढायचा त्रास होत नाही ना. बहीण पदराला हात पुसत ऐकत होती.

“मला कुणी सांगितलं असतं तर मी दिलं असतं हो उत्तर,” ती म्हणाली. “कुणी विचारतंय आणि घरातलं कुणी बोलत नाही, हे बरं दिसत नाही.”

बाई खुर्चीत बसल्या आणि घड्याळजींचा तो प्रोग्रॅम त्यांनी बंद केला. नवऱ्याला त्यातलं फार कळत नव्हतं, पण एवढं कळलं. “अगं, हाच तर तुझा पुरावा होता.”

“हा पुरावा नव्हे. कंपनीचं एवढं म्हणणं बरोबर आहे, इथे माणूस नव्हता. मला मेलेल्याच्या नावावर भांडायचं नाही.” मग त्या बहिणीकडे वळल्या. “ताई, आता हे आपोआप होणार नाही. मी पुन्हा हाक देईन तेव्हा इथे अक्षरं उमटतील. तुम्ही ही कळ दाबायची, तपासण्या चालतील. सगळं ठीक असेल तर हिरवी ओळ येईल. मग तुम्ही तुमच्या हाताने लिहायचं. नाही लिहिलंत, तर मी तुमचं यंत्र काढून टाकणार. नियम आहे.”

“आणि काढलंत तर?”

“मग आज ना उद्या तुमची घड्याळं चुकतील.”

“म्हणजे माझ्यावर आलं हे.” बहिणीच्या कपाळाला आठी पडली. “मला नाही जमायचं बाई. मी आयुष्यात घंटा दिली नि दारं उघडली.”

“बघा,” बाई म्हणाल्या आणि उठल्या. कळीवर त्यांनी नवऱ्याकडच्या खडूने खूण तेवढी करून ठेवली.

कंपनीची बैठक काचेच्या खोलीत होती. बाहेरून जाणारा येणारा आत बघू शकत होता, त्यामुळे बाईंना आपण दुकानात मांडून ठेवल्यासारखं वाटत होतं. टेबलाच्या त्या बाजूला साहेब, त्यांच्या शेजारी लेक. आणि लेकीच्या शेजारी दाढी. दाढी त्या बाजूला बसलाय हे बाईंनी पाहिलं आणि पर्स टेबलावर ठेवली.

“तो माणूस हयात नाही असं कळलं,” साहेब अदबीने म्हणाले. “वाईट झालं. पण मग आता अडचण राहिली नाही.”

“यंत्र हयात आहे,” बाई म्हणाल्या. “हजेरी झाली की बघू.”

“अहो, एक यंत्र. गावातले लोक तर मनगटावर घड्याळ घालतात.”

“ज्याला मनगटावर परवडतं तो घालतो. बाकीचे मान वर करून बघतात.”

दाढी पुढे वाकला. “ठिगळबाई, मी थकलोय. खरं सांगतो. त्या उलट्या यंत्रापायी प्रत्येक गोष्ट दोनदा लिहायची. माझीही वर्षं गेली यात. आता दोन माणसं हाताखाली मिळतायत तर मला घेऊ दे.”

“तू घे,” बाई म्हणाल्या. त्यांना त्याचा राग आला नाही, नुसतं दुःख झालं. “तुला मी कधी नाही म्हटलंय?”

साहेबांना वाटलं, म्हातारी वाकली. ते म्हणाले, “लायब्ररीला तुमचंच नाव ठेवू आम्ही. काळजीच करू नका.”

“नावं ठेवायला माझी सासू पुरेशी होती.” बाईंनी पर्स उचलून मांडीवर घेतली. “साहेब, तुम्हाला सही कशाला हवी? ती लायब्ररी मुक्त आहे. पहिल्या दिवसापासून आहे. आत्ता, इथे बसल्याबसल्या घेऊन जा. तुमच्या घरी नेऊन तिचे हातपाय कापा, नवं नाव द्या, मी हूं की चूं करणार नाही. तो तुमचा हक्क आहे आणि तो मीच दिलाय. पण माझ्या घरात येऊन, माझ्या हातात कात्री देऊन, तूच काप म्हणाल, तर ते होणार नाही. माझ्याकडे ज्याची हजेरी आहे तो राहणार.”

“आम्ही वेगळी प्रत काढली तर लोक आमच्याकडे येतील. तुमच्याकडे कुणी राहणार नाही,” साहेब म्हणाले. अदब आता जरा पातळ झाली होती.

“येतील की. आयत्या बिळावर बसायला माणसं कमी पडत नाहीत. मी एकटीनेच सुरू केलं होतं, एकटीने करायची सवय आहे मला.”

लेक सबंध वेळ टेबलाकडे बघत होती. बाई बाहेर पडल्या तेव्हा ती मागोमाग जिन्यापर्यंत आली. “मला त्या प्रतीवरच घालणार आहेत, आई.”

“मग नीट कर. ठिगळ लावलंस तर टाका दिसता कामा नये.”

“रागावलीस?”

“हो,” बाई म्हणाल्या. “रविवारी जेवायला ये.”

साहेब म्हणाले तसंच झालं. कंपनीची प्रत निघाली, तिला चकचकीत नाव मिळालं आणि एकेक राखणदार तिकडे गेला. काहींनी निरोपाचे दोन शब्द लिहिले, काहींनी तेवढेही नाही. दाढीने आपलं शेवटचं काम पुरं करून, तपासून पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘सांभाळा.’ बाईंनी ते लावून घेतलं. मग त्या एकट्या बसल्या आणि सेकंदांची जागा मोठी करायचं काम, जे दाढी आणि त्या मिळून करणार होत्या, ते एकटीने करत राहिल्या. सकाळी त्या वर जात आणि जेवायला हाका मारून मारून नवरा जिना चढून येई. “तुझी लायब्ररी अंगाला बसेपर्यंत माझा जीव जाईल,” तो म्हणे, आणि ताट तिथेच ठेवून जाई.

काम पुरं झालं. बाईंनी हजेरीची नवी हाक दिली.

पूर्वी पहिल्याच दिवशी उत्तरांची रीघ लागायची. या वेळी मोजकी आली. फळ्यांवरच्या यंत्रांची हजेरी बाईंनी स्वतः लावली. ज्यांची आली नाही त्यांना त्या एकेक करून काढत गेल्या. त्यात दाढीकडची त्याची दोन आवडती यंत्रं होती, त्यांच्या ओळी बाईंनी एकदा वरपासून खालपर्यंत वाचल्या आणि मग तीही काढली. मनोऱ्याकडून काही आलं नव्हतं. बाईंनी आठवणीचं पत्र लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं. हजेरी मागून घ्यायची नसते.

हजेरीचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी ऊन फळ्यांवर आलं तेव्हा त्यांनी त्या उलट्या यंत्राचा भाग पडद्यावर उघडला. पानोपानी घेतलेली ती काळजी त्यांच्या स्वतःच्या हाताची होती, काही ओळी तर लेक पाळण्यात असतानाच्या. कुठून कापायला घ्यावं ते त्यांना सुचेना. नवरा मागे येऊन उभा राहिला होता.

“मीच एखादं तसलं यंत्र शोधून आणतो बाजारातून,” तो म्हणाला. “तू तुझ्याच घरून हजेरी दे.”

“घड्याळं माझ्या घरी नाहीत,” बाई म्हणाल्या. “तुम्ही जा खाली. गिऱ्हाईक उभं असेल.”

तो गेला. त्यांनी पहिली ओळ निवडली. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात पत्र आलं. मनोऱ्याकडून. आधी तपासण्यांची लांबच लांब हिरवी ओळ होती. त्याखाली शब्द होते, मध्येमध्ये जागा सुटलेली, एकेक अक्षर शोधून दाबलेलं.

‘चालतंय. वर जाऊन बघून आले. मनोऱ्यावर, बाजारात, स्थानकावर, शाळेत सगळीकडे सारखी वेळ आहे. पायी फिरून बघितली म्हणून उशीर झाला. थंडी फार नाही. जिन्याचा त्रास होतो पण चढते. तुमची तब्येत कशी आहे?’

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. निवडलेली ओळ सोडून दिली. मग त्या यंत्राच्या राखणदाराच्या जागी, घड्याळजींचं नाव होतं तसंच ठेवून, त्याखाली ‘आणि त्यांची ताई’ एवढं लिहिलं.

खालून नवऱ्याने हाक मारली. चहा झाला होता.

“थांबा जरा,” बाई जिन्यातून म्हणाल्या. “कुणीतरी तब्येत विचारलीय. उत्तर लिहून येते.”